सर्व्हर दुपारी तीनला का अडायचा

बारामतीत आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. खाली छपाईचं मशीन आणि वर एक खोली. खोलीत दोन संगणक, एक जुना सर्व्हर आणि एसटी स्टँडच्या बाजूची खिडकी. जागा दिराची, मशीन दोघांत आणि डोकं माझं, अशी वाटणी पहिल्या दिवशीच झाली. दीर इंदापूर तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर डाळिंब आणि ढोबळी मिरची करतो. दुकानात आठवड्यातून दोनदा येतो, चहा पितो आणि काय चुकतंय ते सांगून जातो. दुकान काढायच्या आधी मी एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये वीस वर्षं काढली होती. मुलांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करण्यात इतकी वर्षं गेली की एक गोष्ट पक्की कळते. यंत्र आपल्या मनानं काही करत नाही, कुणीतरी सांगितलेलंच करतं.

हे मला माहीत होतं, आणि तरी महिनाभर मी ते विसरले होते.

आमच्याकडचा फ्लेक्स कसा असतो ते इथल्या कुणाला सांगायला नको. वर मधोमध गणपती, बाजूला ग्रामदैवत. त्याखाली मान्यवरांची ओळ. मध्ये ज्याचा वाढदिवस तो, गॉगल लावून किंवा हात जोडून. आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुक किती यावरून माणसाचं गावातलं वजन ठरतं, त्यामुळे ते तिसाच्या खाली सहसा नसतात. प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर येतो. कुणी लग्नाच्या मांडवात उभा, कुणी बैलाशेजारी, कुणी मोटारसायकलवर. त्यातून माणूस तेवढा कापून काढायचा, सगळ्यांची डोकी एका मापाची करायची आणि ओळीत बसवायची. हातानं केलं तर एका फ्लेक्सला अर्धा दिवस जातो.

मी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली. फुकट मिळणारं एक फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकलं आणि त्याला एकामागून एक हुकूम देणारी फाइल तयार केली. हा फोटो उघड, मागचं काढून टाक, डोकं मापात आण, ओळीत ठेव, पुढचा घे. ऑपरेटरनं नावांची यादी भरायची आणि शेवटी नजर फिरवायची. चार मिनिटांत फ्लेक्स तयार व्हायचा.

ही नजर फिरवणारी ऑपरेटर सुप्याहून रोज एसटीनं येते. "माझं नाव कशात घालू नका," असं तिनं बजावलंय, म्हणून इथे तिला सुपेकरीण म्हणते. आधी ती गावातच एका कापडदुकानात होती. फेट्याचा तुरा किंवा बाईचे मोकळे केस कापताना यंत्र जिथं चुकतं, तिथं तिचा हात बरोबर चालतो. हे एकदा पाहिलं आणि मी तिला कापडदुकान सोडायला लावलं. ती तयार नव्हती. मीच मागे लागले होते.

खालचं मशीन तात्या बघतात. तात्या साठीचे. आधी ते भिंतींवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर ब्रशनं अक्षरं काढायचे. फ्लेक्स आल्यावर ब्रश सुटला, पण अक्षराकडे बघायची नजर तीच आहे.

पावसाळ्याच्या शेवटी सर्व्हर अडायला लागला. सकाळी फ्लेक्सला चार मिनिटं लागायची, बाराच्या सुमाराला सात, दोनला वीस. तीन वाजता सगळं थिजायचं, माऊससुद्धा हलायचा नाही. सर्व्हरची मेमरी शेवटच्या थेंबापर्यंत भरलेली असायची.

पहिल्या दिवशी तात्या वर आले, कमरेवर हात ठेवून सर्व्हरकडे बघितलं आणि म्हणाले, "मोटर तापली की आपण काय करतो, मॅडम? बंद करतो, गार होऊ देतो, मग बटण दाबतो. ह्येला पण जरा इसावा द्या."

सर्व्हर बंद करून चालू केला. चालला. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा बंद करून चालू केला. तिसऱ्या दिवसापासून तात्या घड्याळ बघून पावणेतीनला वर यायचे, बटण दाबायचे आणि तेवढ्यात चहा मागवायचे. सगळ्या दुकानाला ती सवय लागली. या भागात विहिरीवरच्या मोटारींनी आम्हाला हेच शिकवलंय. उपाय लागू पडला की कारण विचारायचं नाही. वीस वर्षं मुलांना उलटं शिकवणारी मीसुद्धा तो चहा प्यायले.

मग मी बटण दोन दिवस थांबवलं आणि सर्व्हरमध्ये मेमरी दुप्पट केली. आता तो तीनऐवजी पाचला अडायला लागला.

"टाकी मोठी केली," तात्या म्हणाले, "म्हणून भरायला येळ लागला. भरली का न्हाय शेवटी?"

त्यांचं बरोबर होतं. पावणेतीनचं बटण आणि चहा पुन्हा सुरू झाले.

चहाची चैन मोरगावकडच्या एका गृहस्थांनी संपवली. त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स तयार होत असतानाच पावणेतीन वाजले आणि तात्यांनी सवयीनं बटण दाबलं. चालू झाल्यावर स्क्रिप्टनं जेवढं झालं होतं तेवढंच पूर्ण समजून खाली पाठवलं. चहाच्या गडबडीत शेवटची नजर फिरवायची राहिली आणि तात्यांनी छापलं. गृहस्थांच्या माणसांनी पहाटे चौकात लावलं. दहा वाजता ते चार जणांना घेऊन दुकानात उभे.

"मॅडम, माझी खालची रांग कुठं हाय?"

मी मोबाइलवरचा फोटो बघितला. गणपती होता, मान्यवर होते, शुभेच्छुकांची वरची रांग होती. खालची रांग होती तिथं नुसता केशरी पट्टा.

"बावीस माणसं गायब हायती," ते म्हणाले. "सकाळधरनं फोनवर फोन. म्हणत्यात, आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

मागून एकजण बोलला, "गावात बातमी फिरलीय, बावीस फुटले म्हणून."

"गप रे," गृहस्थ म्हणाले, पण त्यांच्या तोंडावर भीती दिसत होती. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती.

दुपारपर्यंत नवा फ्लेक्स करून दिला, माफी मागितली. नेमका त्या दिवशी दीर दुकानात होता. गृहस्थांची गाडी गेल्यावर तो वर आला आणि खुर्ची ओढून बसला.

"वहिनी, ह्या यंत्राचा किती दिवस दवाखाना करायचा?"

"कारण सापडेपर्यंत."

"पुण्यात माझा एक मित्र आहे. याद्या आणि फोटो त्याला पाठवायचे, तो तयार फाइल परत पाठवतो. इथं फक्त छपाई. वरची खोली लागतच नाही."

सुपेकरीण तिच्या स्क्रीनवर कुणाचा तरी फेटा कापत होती. तिचा हात थांबला नाही.

"झालंय तरी काय नेमकं त्याला?" दिरानं विचारलं.

"भाऊजी, तुम्ही पॅकहाऊसमधून रिकामे क्रेट आणता. मिरची भरून पोचवता, क्रेट परत फिरतात. समजा तुमचा एक गडी क्रेट आणतो आणि काम झालं की परत न देता बांधावर टाकून देतो. माल तेवढाच, गिऱ्हाईक तेवढंच. पण चार दिवसांनी पॅकहाऊसमध्ये क्रेट मागायला गेलात तर एक शिल्लक नाही. सर्व्हरचं तेच झालंय. कुणीतरी मेमरी घेतंय आणि परत देत नाहीये. नवे क्रेट आणून उपयोग नाही, ते पण बांधावरच जाणार."

"मग त्या गड्याला धरा."

"तोच शोधायचाय."

तो उठला. "दिवाळीपर्यंत थांबतो. दिवाळीच्या आठवड्यात एकदा जरी अडलं, तरी वरची खोली बंद. मग मला सांगू नका, भाऊजींनी घाई केली म्हणून."

तो गेल्यावर सुपेकरीण खुर्ची न वळवताच म्हणाली, "कापडदुकानात माझ्या जागेवर दुसरी आलीय, मॅडम. सांगून ठेवते. नंतर म्हणाल, बोलली न्हाय."

दिवाळीला तीन आठवडे होते. दिवाळीचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्याची लग्नसराई. गावोगावच्या प्रत्येक माणसाला सगळ्या गावाला शुभेच्छा द्यायच्या असतात आणि कारखान्यांचा गळीत हंगामही त्याच सुमाराला सुरू होतो. रोज नेहमीच्या तिप्पट फ्लेक्स.

तात्यांचं पावणेतीनचं बटण मी त्याच दिवशी बंद केलं. अडला तर अडू दे, पण मला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. मग माझा पहिला संशय फोटोंवर गेला. हल्लीचे मोबाइल भिंतीएवढे फोटो काढतात. सगळे फोटो आधी लहान करून बघितले. फरक पडला तो वीस मिनिटांचा. गडी हा नव्हता.

तेव्हा मी लॅबमध्ये करायचे ते केलं. दोनशे पानी वही आणली आणि सुपेकरणीच्या पुढ्यात ठेवली. प्रत्येक फ्लेक्सच्या आधी सर्व्हरची किती मेमरी वापरात आहे तो आकडा, फ्लेक्स झाल्यावर पुन्हा आकडा, आणि शेजारी फ्लेक्स कुणाचा ते. तिनं काही न विचारता रकाने आखले. तिचं अक्षर तात्यांनासुद्धा आवडतं.

तिसऱ्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "मॅडम, एक बोलू का? बचत गटाचा फ्लेक्स केला की आकडा चढतो आणि परत खाली येतो. पुढाऱ्याचा केला की चढतो, त्यो काय खाली येत न्हाय."

"यंत्राला पुढारी कसा कळेल?"

"ते मला काय म्हाईत. वहीत बघा की."

वही बघितली. खरंच होतं. सुप्याच्या महिला बचत गटाचा फ्लेक्स, एकोणचाळीस फोटो, आकडा जागेवर परत. भवानीनगरकडच्या एका पदाधिकाऱ्याचा फ्लेक्स, अडतीस फोटो, आकडा वर गेला तो वरच राहिला. मापं सारखी, फोटो सारखे, रंगसुद्धा सारखा केशरी.

"दोन्हीत वेगळं काय आहे?" मी विचारलं. मला यंत्राबद्दल विचारायचं होतं, तिनं माणसांबद्दल सांगितलं.

"बायका दरवेळी सगळे फोटो नवे देतात, वरच्या देवाचासुद्धा. मागच्या फ्लेक्समधली साडी परत दिसली तर चालत न्हाय त्यांना. पुढाऱ्यांचं तसं नसतंय. एकदा काढलेला फोटो, केस काळे असतानाचा. धा वर्षं झाली तरी त्योच. तुमीच त्यांचं वेगळं फोल्डर केलंय न्हाय का?"

मी डब्याचं झाकण लावलं.

फोल्डर मीच केलं होतं. त्याचं नाव होतं 'तयार'. मान्यवरांचे तेच ते फोटो रोज कशाला कापायचे, म्हणून एकदा कापून त्यात ठेवून दिले होते. गणपतीही त्यातच, ग्रामदैवतही त्यातच. आणि हे सगळं मी याच वर्षीच्या गणेशोत्सवाच्या गर्दीत, घाईघाईनं मूळ स्क्रिप्टला जोडलं होतं.

डबा बाजूला ठेवून स्क्रिप्ट उघडली. लिहिलं होतं ते असं. फोटो नवा असेल तर उघड, काप, ओळीत ठेव, फोटो मिटव, म्हणजे बंद कर. फोटो 'तयार'मधला असेल तर उघड, ओळीत ठेव, पुढे जा. मिटवायचा हुकूम फक्त पहिल्या वाटेवर होता. दुसऱ्या वाटेनं आलेला प्रत्येक फोटो उघडाच राहत होता. अशा प्रत्येक फ्लेक्सला एक नवा गणपती उघडायचा आणि कधीच मिटायचा नाही. त्याच्यामागे ग्रामदैवत, त्याच्यामागे मान्यवरांची अख्खी ओळ. पुढच्या फ्लेक्सला पुन्हा तेच. तीन वाजेपर्यंत सर्व्हर चाळीसएक गणपती आणि शेकडो काळ्या केसांचे पुढारी छातीशी धरून उभा असायचा, आणि आम्ही म्हणायचो, तापला बिचारा. नवरात्र जवळ आलं तसे फ्लेक्स वाढले होते, म्हणून हे आत्ता दिसलं. आधी संध्याकाळी दुकान बंद होताना सर्व्हरही बंद व्हायचा आणि सगळं झाकून जायचं.

क्रेट बांधावर टाकणारी मीच होते.

अंदाजावर मी थांबत नाही. एकाच नव्या फोटोचा छोटा फ्लेक्स जेवणाच्या सुट्टीत शंभर वेळा करायला लावला. आकडा जागेवर. मग शंभर वेळा फक्त गणपतीचा. आकडा पायऱ्या चढावा तसा चढत गेला. मी आकडे वाचत होते आणि सुपेकरीण लिहीत होती. शंभराव्या गणपतीला तिनं पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "घावला."

मिटवायचा हुकूम दोन्ही वाटांच्या पुढे, एकाच ठिकाणी ठेवला. एका ओळीचं काम. दुसऱ्या दिवशी तीन वाजले, साडेतीन वाजले, पाच वाजले. सर्व्हर सकाळच्याच चालीनं चालत होता. पावणेतीनला तात्या सवयीनं वर आले होते. बटणाकडे बोट करून म्हणाले, "आज इसावा न्हाय?"

"नाही. आता कधीच नाही."

त्यांनी स्टँडवरून भेळ आणली. तिघांनी खाल्ली. मी दिराला फोन करून सांगितलंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सर्व्हर अडला.

तात्यांनी नुसतं बटणाकडे बघितलं, याचा मला जास्त राग आला. सुपेकरणीनं वही पुढे सरकवली. "रात्रभर चालू ठेवलावता आपण, म्हणून सकाळी अडला. आधीपेक्षा हळू भरलाय, मॅडम. पण भरलाय."

म्हणजे एक गडी धरला, तर मागे दुसरा होता. आता वहीचे रकाने कसे वाचायचे ते आम्हाला कळलं होतं. या वेळी पुढारी आणि बचत गट असा फरक नव्हता. आकडा चढत होता तो काही ठरावीक नोंदींना, आणि त्या प्रत्येक नोंदीपुढे सुपेकरणीच्या अक्षरात तेच दोन शब्द होते. फोटो बाकी.

आमच्याकडे ऑर्डर अशीच येते. माणूस यादी देतो आणि म्हणतो, "तुमी सुरू करा, दोघाचौघांचे फोटो मागनं धाडतो." आम्हीही सुरू करतो. स्क्रिप्ट नेमाने पुढे जायची, ज्याचा फोटो आलेला नाही त्याच्या नावापाशी पोचायची, फोटो सापडला नाही असा संदेश द्यायची आणि तिथंच थांबायची. सुपेकरीण फोन करायची, फोटो यायचा, फ्लेक्स पहिल्यापासून पुन्हा लावायची. आणि आधीचा अर्धा फ्लेक्स? तो उघडाच. न आलेल्या एका माणसासाठी पंचवीस माणसं मांडवात तशीच उभी.

यावर दोन दिवस गेले. स्क्रिप्ट कुठल्याही कारणानं थांबली तरी थांबण्याआधी तिनं उघडलेलं सगळं मिटवायचं, आणि अर्धा फ्लेक्स कधीच खाली छपाईला जाऊ द्यायचा नाही. लिहून झाल्यावर मी मुद्दाम शंभर याद्या केल्या आणि प्रत्येकीत एक न आलेला पाहुणा घातला. कधी पहिल्या नावाला, कधी मधल्या, कधी शेवटच्या. शंभर वेळा स्क्रिप्ट अडखळली, शंभर वेळा तिनं आवरून ठेवलं. आकडा जिथून निघाला तिथं परत आला. या वेळी भेळ नको म्हणून मीच सांगितलं. दिरालाही फोन केला नाही.

दिवाळीचा आठवडा आला. सोमवारी सकाळी सर्व्हर चालू केला आणि मग त्याला कुणी हात लावला नाही. सोसायट्यांचे, मंडळांचे, गळीत हंगामाचे, भावी सदस्यांचे फ्लेक्स. खाली तात्यांच्या मशीनचे रोल संपत होते, त्यांना चहाला वेळ नव्हता. सुपेकरीण आठवडाभर उशिराच्या एसटीनं गेली. वहीतल्या आकड्यांचं मी भिंतीवर आलेखकागदावर चित्र काढलं होतं. आधीच्या आठवड्यांची रेघ घाटासारखी चढत गेलेली. या आठवड्याची रेघ म्हणजे सुप्याचं माळरान. इतकी सपाट रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. येता-जाता मी तिच्याकडे बघून घ्यायचे.

शनिवारी मोरगावकडचे ते गृहस्थ दिवाळीचा फ्लेक्स घ्यायला स्वतः आले. छापायच्या आधी बघतो म्हणाले. सुपेकरणीच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवत त्रेसष्ट डोकी मोजली. मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"सगळी हायती," ते म्हणाले. "ह्यो एक जास्तीचा दिसतोय."

"तो तुमीच धाडलाय मागनं," सुपेकरीण म्हणाली.

"व्हय व्हय. विरोधातला हाय. आला आपल्यात."

त्याच दुपारी दीर आला. खोलीत येऊन त्यानं सर्व्हरच्या दिव्यांकडे बघितलं, भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं.

"कितींदा अडलं?"

मी वहीकडे बोट केलं. सुपेकरणीनं वही त्याच्याकडे वळवली. तो मिरचीच्या तोडणीची नोंद रोज स्वतः करतो, रकाने वाचायला त्याला कुणी लागत नाही. उभ्या उभ्या सहा-सात पानं वाचली. मग खिशातून फोन काढून तिथंच पुण्याला लावला. "नाही, लागणार नाही. आमचं इथंच जमलंय." एवढं बोलून ठेवला.

"खोली राहू दे," तो मला म्हणाला. "आणि वहिनी, त्या गड्याचं काय केलंत?"

"कामावर ठेवलाय. दुकान त्याचंच आहे."

तो हसला. मग त्यानं आपल्याच दिवाळीच्या फ्लेक्सची यादी सुपेकरणीपुढे ठेवली. तिनं ती वाचली, 'तयार' फोल्डर उघडलं, त्यातला दिराचा फोटो बघितला आणि थांबली.

"दादा, नवा फोटो द्या की."

"का? जुना अडतोय अजून?"

"अडत न्हाय. कितीबी वेळा लावा, आता अडणार न्हाय. पण खालच्या ओळीत तुमचा पोरगा हाय. त्यो तुमच्यापेक्षा म्हातारा दिसतोय."

तात्या जिन्यात उभे होते, ते खोकल्यासारखं करून खाली गेले. दीर भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. सुपेकरणीनं मोबाइलवर फोटो काढला, सर्व्हरला दिला. चार मिनिटं लागली. विरळ झालेले केस यंत्राला नीट कापता आले नव्हते, ते तिनं हातानं ठीक केले. तोवर आकडा चढला होता तो खाली आला. तिनं तो वहीत लिहिला, पेन्सिल ठेवली, पर्स उचलली आणि म्हणाली, "सव्वापाचची गाठते आज. उद्या साडेनवाला येते, मॅडम."